खेळ तयार झाला. आज्ञावली समजली का?

मुलांकडून छोटे खेळ तयार करून घेत संगणकाची आज्ञावली शिकवावी, हा विचार आता शाळांत रुळू लागला आहे. त्याची मुळे जुनी आहेत. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी 'लोगो' ही भाषा रचली. कासवाला आज्ञा देऊन आकृती काढायची आणि ती बिघडली की चूक शोधायची, ही तिची रीत. २००७ साली एमआयटीच्या मीडिया लॅबने 'स्क्रॅच' सर्वांना खुले केले. यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. ते विनामूल्य आहे आणि संगणकात एकदा घातले की इंटरनेटवाचूनही चालते.

स्क्रॅचचा गुण उघड आहे. स्वल्पविराम चुकला म्हणून काम अडत नाही. मुलाचे लक्ष थेट विचाराकडे जाते. पण याच सोयीत एक धोका दडलेला आहे. फळ्यावरचे ठोकळे जसेच्या तसे जुळवले की खेळ चालतो, मुले टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. या तासात नक्कल झाली. आज्ञावली शिकवली गेली असे म्हणता येणार नाही.

एक उदाहरण घेऊ. आंबा वरून पडतो, तो टोपलीत झेलायचा, की एक गुण. आज्ञावली अशी : 'सतत करा' या ठोकळ्यात आंबा ५ पावले खाली आणा, आंबा टोपलीला टेकला असेल तर गुण १ ने वाढवा आणि आंबा पुन्हा वर न्या. आता यातला 'आंबा पुन्हा वर न्या' हा ठोकळा काढून टाका. टोपली पडद्याच्या मध्यावर ठेवा आणि विचारा, एका आंब्याला किती गुण मिळतील? बहुतेकांचे उत्तर 'एक' असेल. आंबा ४० पावले उंच आणि टोपली ५० पावले उंच धरली, तर आंबा टोपलीतून पार होईपर्यंत ९० पावले जातात. दर फेरीला ५ पावले, म्हणजे सुमारे १८ फेऱ्या आणि तितकेच गुण!

असे का झाले? आपल्या नजरेला 'टेकणे' ही एकच घटना दिसते. संगणक मात्र सेकंदाला सुमारे ३० वेळा नव्याने विचारतो, 'टेकला आहे का?' आणि दर वेळी उत्तर 'हो' येते. पुनरावृत्ती, अट आणि चल या तिन्ही कल्पना या एका गोंधळात उलगडतात. तयार नमुन्यांत नेमका हाच गोंधळ आधीच मिटवलेला असतो. शिकण्याची सर्वांत चांगली जागा तिथेच हातची जाते.

दुसरी उणीव वेळेची. पात्रांचे पोशाख, आवाज आणि पार्श्वभूमी यांत अर्धा तास सहज जातो. ही हौस वाईट नाही. पण तिला शेवटची दहा मिनिटे पुरेत. त्याऐवजी गणिताशी सांधा जोडावा. स्क्रॅचचा पडदा म्हणजे एक प्रतलच : क्ष -२४० ते २४०, य -१८० ते १८०. नववीतील निर्देशक भूमितीला याहून जिवंत सराव कोठे मिळेल?

वर्गात एकच संगणक असला तरी अडू नये. वहीत तीन रकाने आखावेत : आंब्याची उंची, टेकला का, गुण. एकेक फेरी मुलांनी हाताने भरावी, अंदाज लिहावा आणि मगच खेळ चालवून पाहावा.

मूल्यमापनही यावरूनच करावे. सुबक खेळाला गुण देण्यापेक्षा एक नियम बदलायला सांगावा : 'तीन आंबे निसटले की खेळ थांबावा.' कोणता नवा चल लागेल, तो कोठे वाढवायचा आणि अट कोठे बसवायची, हे ज्याला सांगता येते त्याला आज्ञावली समजली. मग त्याचा आंबा नुसता पिवळा ठिपका असला तरी बिघडत नाही.