मरणाची तारीख आणि वहीची साक्ष

मित्रहो, आणि विशेषतः मागच्या रांगेत बसलेल्या नर्सताई आणि आशाताई,

आजचा विषय ऐकून एक जण मला दारातच म्हणाले, "सर, ऑडिट हे सीएचं काम. तत्त्वज्ञानाच्या माणसानं त्यात कशाला पडावं?" बरोबर आहे. पण ऑडिट करणारा माणूस शेवटी एकच प्रश्न विचारतो: हे तुम्हाला कशावरून कळलं? आणि हा प्रश्न तर आमच्या घरचा आहे. न्यायदर्शनाची सगळी इमारत त्याच्यावर उभी आहे. म्हणून आज थोडं धाडस करतो.

विषय आहे उपशामक सेवेचा, ज्याला आपण सगळे पॅलिएटिव्ह केअर म्हणतो. आजार बरा होणार नाही हे कळल्यावर वेदना, धाप, जखमेचा वास आणि घरच्यांची घालमेल कमी करायची, ही ती सेवा. सिसिली साँडर्स बाईंनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणजे मुंबईत वांद्र्याचं शांती अवेदना सदन, १९८६ सालचं. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम आला २०१२ साली. आता सरकारी पैसा आला की तपासणी येणारच. मग संस्था विचारतात, सर, तयारी कशी करायची? माझं उत्तर असं की तपासणी काय विचारते आहे ते आधी पाहा. काही वेळा ती चुकीचा प्रश्न विचारते, आणि चुकीच्या प्रश्नाची तयारी करता करता आपण रुग्णाला विसरतो.

सुरुवातीलाच सांगतो, मी ऑडिटच्या विरोधात नाही. आयुष्मान भारत, म्हणजे पीएम-जय योजना, २०१८ च्या सप्टेंबरात सुरू झाली. तिच्यावरचा कॅगचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत आला. त्यात काय निघालं? ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेले. नंबर कोणता, तर दहाही आकडे नऊ! त्याहून गंभीर म्हणजे, उपचार चालू असताना ८८,७६० रुग्ण मरण पावल्याची नोंद होती, आणि त्याच रुग्णांच्या नव्या उपचारांचे २,१४,९२३ दावे चुकते केल्याचं प्रणालीत दिसत होतं. यातलं किती हात चुकल्यामुळे आणि किती नियत चुकल्यामुळे, हे नुसत्या त्या नोंदीवरून ओळखता येत नाही. हा पैसा गरिबाच्या औषधाचा आहे. तेव्हा कोणीतरी वह्या उघडून पाहायलाच हव्यात.

पण वही उघडल्यावर पाहायचं काय? पीएम-जय भरती झालेल्या रुग्णाचे पैसे देते, ठरलेल्या पॅकेजप्रमाणे. बाह्यरुग्ण विभागातले उपचार तिच्यात नाहीत. आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. सालेकसा किंवा देवरीकडच्या एखाद्या गावात तोंडाच्या कॅन्सरचा माणूस घरी खाटेवर पडलाय. खर्‍र्‍यानं काय केलंय ते तुम्हाला मी सांगायला नको. नागपूरच्या फेऱ्या संपल्या. आता त्याला हवी मॉर्फिनची गोळी, जखमेचं ड्रेसिंग, आठवड्यातून एकदा कोणीतरी येऊन बसणं. यातलं काहीही भरतीच्या पॅकेजात बसत नाही. म्हणजे जिथे पैसे मिळतात तिथे त्याला राहायचं नाही, आणि जिथे राहायचंय तिथे पैसे नाहीत. त्याला उगाच चार दिवस भरती करून घेतलं तर कागद बिनचूक होईल. ऑडिट पास. माणूस मात्र घरापासून लांब, सलाइनच्या बाटलीखाली. ही चूक कोणत्याही तपासणीत सापडणार नाही, कारण ती नियमातच आहे.

आज ना उद्या आपल्याकडेही घरपोच सेवेला नियमित पैसे मिळतील, मिळायलाच हवेत. तेव्हा तपासणी कशाची व्हावी? हे ठरवण्याआधी, जिथे चाळीस वर्षं असे पैसे मिळताहेत त्या अमेरिकेकडे एकदा पाहू. तिथे १९८२ साली मेडिकेअरमध्ये हॉस्पिसची सोय झाली. बहुतेक सेवा घरीच, आणि संस्थेला दिवसाच्या दराने पैसे. अट अशी की आजार नेहमीच्या गतीने गेला तर रुग्ण सहा महिन्यांपलीकडे जगणार नाही, असं सुरुवातीला दोन डॉक्टरांनी लिहून द्यायचं. पहिले दोन टप्पे नव्वद नव्वद दिवसांचे, पुढचे साठ साठ दिवसांचे. दर टप्प्याला पुन्हा दाखला.

झालं काय, की नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्या यात शिरल्या. जो लवकर मरत नाही तो रुग्ण फायद्याचा ठरला. सरकार जागं झालं, तपासण्या कडक झाल्या. त्यातून असेराकेअर नावाच्या कंपनीवर खटला झाला. सरकारी तज्ज्ञ डॉक्टर फायली पाहून म्हणाले, हे रुग्ण पात्र नव्हते. कंपनीचे तज्ज्ञ त्याच फायली पाहून म्हणाले, होते. सप्टेंबर २०१९ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं की दोन डॉक्टरांचं प्रामाणिक मत वेगळं असलं, एवढ्यावरून दाखला खोटा ठरत नाही. सहा महिन्यांच्या आत, मार्च २०२० मध्ये, दुसऱ्या एका अपील न्यायालयानं दुसऱ्या खटल्यात याच्या उलट भूमिका घेतली: मतसुद्धा खोटं ठरू शकतं. म्हणजे न्यायाधीशांनासुद्धा एकमतानं सांगता येईना, की मरणाचा अंदाज ही वस्तुस्थिती आहे की मत आहे.

आमच्या शास्त्रात याला सरळ शब्द आहे: अनुमान. डॉक्टरला मरण प्रत्यक्ष दिसत नाही, लक्षणांवरून तो ते अनुमानतो. आणि अनुमान नंतर चुकलं म्हणून ते करणारा खोटारडा ठरत नाही. विषयात जेवढी अचूकता असते तेवढीच मागावी, हे ॲरिस्टॉटलनंही बजावून ठेवलंय.

हे मी पुस्तकातून बोलत नाहीये. आमचे दादा, माझे थोरले भाऊ, तोंडाच्या कॅन्सरनं गेले. डॉक्टर म्हणाले होते, चार-सहा महिने. दादा चौदा महिने जगले. मधले दोन महिने तर अंगणात बसून धान वाळवण्यावर देखरेख करत होते! तो अमेरिकन नियम इथे असता, तर दादांची फाइल संशयित ठरली असती. वेदना आटोक्यात आली, झोप लागू लागली, दोन घास जाऊ लागले, म्हणून माणूस सावरला. सेवा चांगली झाली हाच गुन्ह्याचा पुरावा! तारीख विचारणाऱ्या ऑडिटचा दोष तो हाच.

मग तयारी कशी करायची? मागे एका संस्थेनं, नाव घेत नाही, अनुदानाची तपासणी येणार म्हणून मला फायली वाचायला बोलावलं. चौदा फायली वाचल्या. प्रत्येकीत दर आठवड्याला एकच वाक्य: "रुग्णाची प्रकृती खालावत आहे." शेजारच्या खोलीत एक मुलगी मागच्या तीन महिन्यांच्या भेटी एकाच पेनानं, एकाच बैठकीत लिहीत होती. मी तिला विचारलं, बाई, या भेटी झाल्या का? म्हणाली, "झाल्या सर, सगळ्या झाल्या. लिहायलाच वेळ नव्हता." माझा तिच्यावर विश्वास बसला. तपासणाऱ्याचा कशाला बसेल? पावसापाण्यात केलेली खरी सेवा त्या एका बैठकीत खोटी दिसायला लागली.

न्यायशास्त्रात अनुमान दुसऱ्याला पटवायचं तर पाच पायऱ्या सांगितल्यात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. यातला हेतू तेवढा लक्षात ठेवा. "प्रकृती खालावत आहे" हा हेतू नाही, जे सिद्ध करायचंय तेच पुन्हा म्हणणं आहे. याला साध्यसम म्हणतात, हा हेत्वाभास. हेतू असा असतो: गेल्या महिन्यात वजन ४८ होतं, आज ४४. मागच्या भेटीत स्वतः उठून बसले, आज दोघांनी धरावं लागलं. वेदना दहापैकी आठ होती, गोळी वाढवल्यावर तीन. सुधारणा झाली तर तीही लिहा, लपवू नका. चांगला दिवस लिहिलेला असला की वाईट दिवसावर विश्वास बसतो.

बाकी गोष्टी जुन्या दुकानदारालाही माहीत होत्या. रोजकीर्द रोजच लिहायची. खाडाखोड करायची नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी सही आणि तारीख. राहून गेलेली नोंद नंतर लिहिली, तर "नंतर लिहिली" असं स्पष्ट लिहायचं. मॉर्फिनची गोळी आणि गोळी जुळली पाहिजे. २०१४ च्या कायदादुरुस्तीनं मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं, ते या नोंदवहीच्या भरवशावर. आपण हलगर्जीपणा केला तर दार पुन्हा बंद होईल, आणि किंकाळ्या घराघरांतून ऐकू येतील.

नियम करणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. ऑडिट हा शब्द लॅटिनमधल्या 'ऐकणे' या क्रियापदावरून आलाय. हिशेब मोठ्यानं वाचले जायचे आणि अधिकारी ते ऐकायचा. तर ऐका. हा माणूस केव्हा मेला हे विचारण्याआधी विचारा: किती रात्री झोपला? गोळी संपली तेव्हा दुसरी किती तासांत पोचली? घरच्यांचा फोन कोणी उचलला? या प्रश्नांची खोटी उत्तरं देणं अवघड असतं, कारण घरचे साक्षीदार असतात. हेही बनवता येईल म्हणा. पण ते बनवण्यापेक्षा खरी सेवा करणं सोपं पडेल.

दादा गेल्यावर वहिनींनी मला एक वही दाखवली. पुढून धानाच्या हिशेबाची. मागच्या पानांवर वहिनींच्या अक्षरात, चौथी शिकलेल्या बाईच्या, चौदा महिने लिहिलेलं: रात्री कितीदा उठले, गोळी किती वाजता दिली, पेज किती वाट्या गेली. कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "वहिनी, हे कशाला लिहिलंत?" तर म्हणाल्या, "डॉक्टर विचारतील तर विसरायला नको म्हणून."

नर्सताई, तुमच्या नोंदी तशा असू द्या. मग तपासणीला कोणीही येवो, वही त्याच्यापुढे ठेवा.