लीलावतीचा मोती आणि कापरेकरांची वजाबाकी

लीलावतीची गोष्ट मराठी घरात नव्याने सांगावी लागत नाही. भास्कराचार्यांची ती लाडकी कन्या. तिच्या पत्रिकेतला वैधव्ययोग. तो टळावा म्हणून पित्याने काढलेला एकच एक मुहूर्त. पाण्यावर तरंगणारे घटिकापात्र. कुतूहलाने त्यात वाकून पाहणाऱ्या मुलीच्या अलंकारातून निसटलेला मोती. बुजलेले छिद्र आणि हुकलेली घटका. मग दुःखी पित्याने मुलीच्या नावाने ग्रंथ लिहून तिला अमर केले. गोष्ट सुरेख आहे. मी कादंबऱ्या लिहितो, आणि एवढ्याशा मोत्यावर एक आयुष्य फिरवणाऱ्या त्या कथाकाराचा मला हेवाच वाटतो. मात्र ही गोष्ट भास्कराचार्यांची नाही. ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ मध्ये त्याचे फारसी भाषांतर केले, त्याच्या आधाराने ही कथा पसरली. मधे सव्वाचारशे वर्षांहून अधिक काळ गेला. खुद्द ग्रंथात गणिते घालताना आचार्य कधी 'बाले' म्हणतात, कधी 'सखे' म्हणून मित्राला हाक मारतात, आणि एके ठिकाणी चक्क 'कांते' म्हणतात. मुलीला कोणी कांता म्हणत नाही!

या 'कांते'च्या श्लोकातच भुंग्यांचे ते नामांकित उदाहरण आहे. एका थव्याच्या निमपटीचे वर्गमूळ काढावे, तेवढे भुंगे मालतीकडे गेले. सगळ्या थव्याचे आठ-नवमांशही तिकडेच गेले. उरला एक भुंगा, तो सुगंधाच्या लोभाने रात्री कमळात कोंडला गेला आहे, आणि त्याच्या गुणगुणण्याला बाहेरून साद देणारी त्याची भुंगी. तर थवा केवढा? निमपटीचे वर्गमूळ निघायचे तर थवा एखाद्या वर्गसंख्येच्या दुप्पट हवा. आठ-नवमांश काढायचे तर त्याला नऊने भाग जायला हवा. अशी पहिली संख्या अठरा. पण अठराच्या निमपटीचे मूळ तीन, आठ-नवमांश सोळा. बेरीज एकोणीस, म्हणजे थव्यापेक्षा जास्त. पुढची संख्या बहात्तर. छत्तीसचे मूळ सहा, आठ-नवमांश चौसष्ट, आणि राहिले दोन. जमले. आचार्यांची रीत याहून प्रौढ आहे, पण उत्तर हेच. आता मला सांगा, मोत्याची गोष्ट अधिक सुंदर की ही? विरह दोन्हीकडे आहे. दुसरीत तो मोजता येतो, एवढेच.

मोत्याची गोष्ट ज्यांना पाठ आहे अशी माणसे मला शेकड्यांनी भेटली. भुंग्यांचे उदाहरण सोडवलेली हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच. आपल्या वाङ्मयातील एका जुन्या खोडीकडे मला बोट दाखवावयाचे आहे ते यासाठीच. थोर गणिती आणि शास्त्रज्ञ यांच्यावर मराठीत थोडे लिहिले गेले असे नाही. पण लिहिणाऱ्याच्या मनात साचा असतो तो महीपतीबुवांचा. आमच्या तीर्थपुरीपासून समर्थांचे जांब जवळच आहे. चरित्र म्हटले की बालपणीचे अलौकिक लक्षण, मग लोकांची उपेक्षा, मग चमत्कार आणि शेवटी सर्वांनी लोटांगण घालणे, हा क्रम या मुलखात आईच्या दुधाबरोबर मिळतो. संतांना तो शोभतो. न्यूटनला तो लावला की सफरचंद पडते, साक्षात्कार होतो आणि धडा संपतो.

वास्तविक गोष्ट तिथे सुरू व्हावयास हवी. फळ पडते हे न्यूटनच्या आधीही सर्वांना दिसत होते. त्याने विचारले ते असे : मग चंद्रही पडत असेल काय? चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या साठ त्रिज्या दूर आहे. ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असेल, तर तिथे ती साठ गुणिले साठ, म्हणजे छत्तीसशे पटींनी क्षीण असली पाहिजे. पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाने वाढते. तेव्हा फळ एका सेकंदात जेवढे पडते, सुमारे सोळा फूट, तेवढेच चंद्राने सरळ वाट सोडून एका मिनिटात पृथ्वीकडे पडावे. चंद्राच्या फेऱ्याचा काळ ठाऊक आहे, त्यावरून हिशेब केला की तो खरेच तेवढा पडतो. झाडाचे फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने बांधले गेले ते या साठाच्या वर्गाने. धड्यातून नेमका हा साठाचा वर्गच वगळलेला असतो. मुलांना जड जाईल म्हणतात. पाढे मुलांना येत नाहीत काय?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे या खोडीचे आपल्या घरचे उदाहरण. जन्म डहाणूचा, १९०५ चा. पुण्यास फर्गसनमध्ये शिक्षण. १९२७ मध्ये रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक. आणि १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत मास्तर. त्यांच्यावरील लेख बहुधा एकाच सुरात असतात. उपेक्षित मास्तर, स्वतःच्या खर्चाने छापलेल्या पुस्तिका, आणि मग १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्यावर लिहिले व जगाचे डोळे उघडले. डोळे भरून येण्याची सोय झाली. मीही मास्तर आहे, माझेही येतात. पण १९४९ मध्ये या माणसाने काय शोधले, ते एका ओळीत गुंडाळलेले असते : '६१७४ ही कापरेकर स्थिरांक म्हणून प्रसिद्ध आहे.' प्रसिद्ध कशाबद्दल?

एक चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नसलेली. १९४७ घेऊ. अंक उतरत्या क्रमाने ९७४१, चढत्या क्रमाने १४७९, वजाबाकी ८२६२. पुन्हा तेच : ८६२२ वजा २२६८, उत्तर ६३५४. पुढे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा, पुन्हा ६१७४. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात वजाबाक्यांत तुम्ही याच दारात येऊन उभे राहता.

माझे गणित मॅट्रिकच्या पुढे गेलेले नाही, आणि येथे त्याहून अधिक लागतही नाही. वर्गात हे फळ्यावर मांडले तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, सगळ्या संख्या कोणी करून पाहिल्या?" हा प्रश्न खरा. सुमारे दहा हजार संख्या, एकेक करून पाहायच्या तर जन्म जाईल. पण वजाबाकीकडे नीट पाहावे. उतरत्या मांडणीतील पहिला आणि शेवटचा अंक यांचा फरक ९९९ ने गुणला जातो, मधल्या दोहोंचा फरक ९० ने. बाकी काही उत्तरात येतच नाही. १९४७ साठी आठ आणि तीन : ७९९२ अधिक २७०, म्हणजे ८२६२. पहिला फरक एक ते नऊ; दुसरा शून्यापासून, पण पहिल्याहून मोठा नाही. अशा जोड्या होतात चोपन्न. दहा हजारांचे चोपन्न झाले! चोपन्न वजाबाक्या एका वर्गाने दोन तासिकांत करता येतात, आणि आम्ही केल्या. कोणत्याही बाहेरच्या दाखल्याची गरज उरली नाही. गणिती विचार म्हणतात तो हा, आणि देवळालीच्या मास्तरांचे मोठेपण अश्रूंवाचूनही कळते.

जयंत नारळीकरांचे प्रकरण वेगळे, कारण ते स्वतःच लेखक होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, आद्याक्षरे उलटी करून, आणि पहिला क्रमांक मिळवला. 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही त्यांची कथा मला सर्वांत आवडते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघाताने अशा जगात जातात, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. विश्वासरावांची गोळी हुकली, एवढाच फरक. मराठी मनाच्या सर्वांत दुखऱ्या जागी त्यांनी पुंजभौतिकी आणून ठेवली : कणाची वाट आधी सांगता येत नाही, तर इतिहासाची एकच वाट कशावरून? कथेच्या अखेरीस एक पात्र हे सारे समजावून सांगते, तेथे कथा थांबून तासिका सुरू होते, हा दोष मला दिसतो. पण कल्पना बखरीच्या एका पानावर तोलून धरली आहे, आणि ते पान वाचकाच्या हातात राहते.

त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी मात्र हा धडा घेतला नाही. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा लेखांचा पूर आला. केंब्रिज, हॉईल, आयुका, पद्मविभूषण, साहित्य अकादमी. हार भरगच्च होते. विश्व प्रसरण पावत असले तरी नवे द्रव्य निर्माण होऊन त्याचे सरासरी रूप सदैव तेच राहते, हा स्थिर विश्वाचा विचार हॉईल आदींनी १९४८ मध्ये मांडला होता. नारळीकर त्या पक्षाचे. १९६५ मध्ये सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंगांचे प्रारण सापडले आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल व बर्बिज यांच्यासह त्यांनी तो विचार नव्या रूपात पुन्हा मांडला. बहुमत तरीही वळले नाही. माझ्या वाचनात आलेल्या लेखांत ही गोष्ट एकतर गाळलेली होती, नाहीतर 'महास्फोटाला आव्हान देणारा मराठी वीर' अशी रंगवलेली. आव्हान कोणत्या पुराव्यापाशी अडले, त्यांनी त्या प्रारणाचा दुसरा अर्थ काय लावून पाहिला, इतरांना तो का पटला नाही, हे कोणी लिहिले नाही. हरत चाललेल्या पक्षात सभ्यपणे, हिशेब मांडत, चाळीस वर्षे उभा राहिलेला माणूस कादंबरीकाराला मोत्याइतकाच मोलाचा वाटावा. अशी कादंबरी मराठीत मी अजून वाचलेली नाही. लिहिणाऱ्याला ते प्रारण मात्र आधी समजून घ्यावे लागेल.