तपासणी मोफत, पुढचे काय?

दरवर्षी २८ जुलैच्या सुमारास जागतिक हिपॅटायटिस दिनाचे फलक रुग्णालयांत आणि काही शाळांतही लागतात. हा दिवस हिपॅटायटिस बी चा विषाणू शोधणाऱ्या बारूख ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस आहे. ‘तपासणी करून घ्या’ हा बहुतेक फलकांचा सारांश असतो. मग वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक शिबिरात इतक्या जणांची तपासणी झाली. त्यांतल्या किती जणांच्या रक्तात दोष आढळला हे क्वचित कळते. त्या माणसांचे पुढे काय झाले, हे तर आम्ही अशा बातमीत कधी वाचलेले नाही. आमचा आक्षेप नेमका येथे आहे. तपासणी हे काम सुरू करण्याचे साधन आहे. आपण मात्र ती झाली की काम संपले असे धरून चालतो, आणि सार्वजनिक पैशाचा हिशेबही तसाच मांडतो.

आमच्या परिचयाचे एक शिक्षक नियमित रक्तदान करीत. एका वर्षी रक्तपेढीतून दूरध्वनी आला, ‘सर, तुमच्या रक्तात हिपॅटायटिस सी निघाले आहे, यापुढे रक्तदान करू नका.’ एवढेच. कोठे जायचे, कोणती चाचणी करायची, याबद्दल अक्षर नाही. रक्तपेढीने आपले कर्तव्य चोख बजावले होते, कारण दूषित रक्त दुसऱ्याला जाऊ न देणे हेच तिचे काम. २००१ सालापासून आपल्या देशात रक्तपेढ्यांत ही तपासणी सक्तीची आहे. पण या गृहस्थांनी सव्वा वर्ष ही गोष्ट पत्नीलाही सांगितली नाही. ते स्वतः विज्ञान शिकवीत होते.

सगळा घोटाळा ‘कावीळ’ या शब्दापासून सुरू होतो. मराठीत यकृताच्या दाहाला सरसकट कावीळ म्हणतात, फार तर कोणी हिपॅटायटिस बी ला ‘पांढरी कावीळ’ म्हणतो. दूषित पाण्यातून येणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुतेक वेळा आपोआप बरी होते, आणि म्हणूनच काविळीची माळ घालणाऱ्यांचा धंदा चालतो. बी आणि सी यांची गोष्ट वेगळी. हे विषाणू रक्तातून पसरतात. सी चा संसर्ग झालेल्या बहुतेकांचे डोळे कधी पिवळे होतच नाहीत. वीस-वीस वर्षे माणूस धडधाकट दिसतो, आणि आत यकृत हळूहळू निबर होत जाते. शेवटी सिऱ्होसिस किंवा कर्करोग. ज्या रोगाला लक्षणेच नाहीत तो शोधायला तपासणीवाचून मार्ग नाही, हे फलकवाल्यांचे म्हणणे म्हणूनच बरोबर आहे.

पण कोणती तपासणी? शिबिरात बोटातून थेंबभर रक्त घेऊन जी चाचणी होते ती हिपॅटायटिस सी च्या बाबतीत विषाणू शोधत नाही. ती प्रतिपिंडे शोधते. विषाणू शरीरात येऊन गेला असला तरी प्रतिपिंडे मागे राहतात. संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक औषधावाचून विषाणूला हुसकावून लावतात. त्यांचीही ही चाचणी जन्मभर दोषी येऊ शकते. विषाणू आज रक्तात आहे की नाही हे सांगते ती दुसरी चाचणी, आर.एन.ए. ची. ती महाग असते, तिला यंत्र लागते, प्रशिक्षित माणूस लागतो. निम्मे अधिक रुग्ण हरवतात ते पहिल्या आणि दुसऱ्या चाचणीच्या मधल्या खिंडीत, असे म्हणण्याचा मोह आम्हाला होतो. पण आकड्याचे राहू द्या, खिंड आहे हे नक्की.

येथे वर्गात करून पाहण्यासारखे एक गणित आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीतील रक्तनमुन्यांवरून देशात हिपॅटायटिस सी ची प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण ०.३२ टक्के आढळले होते. म्हणजे १०,००० माणसांत ३२. आता समजा, आपली चाचणी शंभरात ९९ वेळा बरोबर उत्तर देते. (चांगले संच याहून सरस असतात, पण हिशेबाला हा आकडा सोपा.) ती या ३२ जणांना तर पकडेलच, पण उरलेल्या ९,९६८ निर्दोष माणसांपैकीही एक टक्का, म्हणजे जवळजवळ १०० जणांना दोषी ठरवील. दोषी एकूण १३२. खऱ्या ३२ पैकी आठांच्या शरीरातून विषाणू केव्हाच गेलेला. औषधाची गरज उरली २४ जणांना. बाकीच्या १०८ जणांच्या हातात आपण नुसती भीती ठेवली. दुसऱ्या चाचणीची सोय न करता भरवलेल्या सरसकट शिबिराचे हे फलित आहे. विद्यार्थ्यांना शेकडेवारी कंटाळवाणी वाटत असेल तर हे उदाहरण घालून पाहावे.

हेच गणित इजिप्तमध्ये वेगळे उत्तर देते, कारण तेथे रोगाचे प्रमाणच प्रचंड होते. तेही का? १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकारंभापर्यंत तेथील सरकारने बिलहार्झिया या कृमिरोगाविरुद्ध मोहीम चालवली. खेड्यापाड्यांत लोकांच्या शिरेत अँटिमनीच्या क्षाराची इंजेक्शने दिली गेली. काचेच्या सिरिंज नीट निर्जंतुक न करता पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या. हेतू उत्तम होता, पैसा सरकारचा होता, आणि त्या सुयांतून हिपॅटायटिस सी घरोघर पोहोचला. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातील १४.७ टक्के लोकांत प्रतिपिंडे सापडली. ज्या विषाणूची ओळखच १९८९ मध्ये पटली त्याबद्दल १९६० च्या आरोग्यसेवकाला दोष देण्यात अर्थ नाही. पण दिलेल्या इंजेक्शनांची मोजणी म्हणजे आरोग्य नव्हे, एवढे त्यातून दिसते.

त्याच देशाने पुढे जे केले ते मात्र अभ्यासण्याजोगे आहे. सोफॉसबुव्हिर हे औषध २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाले तेव्हा तेथे त्याच्या १२ आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४,००० डॉलर होती. एक गोळी १,००० डॉलरची! इजिप्तने घासाघीस करून २०१४ मध्ये तेच ९०० डॉलरला मिळवले, आणि स्वदेशी उत्पादन सुरू झाल्यावर किंमत आणखी कोसळली. मग ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत ४ कोटी ९६ लाख प्रौढांची तपासणी झाली. सुमारे २२ लाख जणांत प्रतिपिंडे आढळली. आमच्या मते महत्त्वाची गोष्ट या आकड्यांच्या पुढे सुरू होते. चाचणी दोषी आली की त्याच ठिकाणी त्या माणसाला जवळच्या केंद्रातील भेटीची वेळ दिली जाई, आणि सर्व नोंदी एका संगणकीय जाळ्यात जात. पुढील तपासणीत सुमारे साडेअकरा लाख जणांच्या रक्तात विषाणू आढळला, आणि त्यांतल्या जवळजवळ ९२ टक्क्यांचे औषध सुरू झाले. विषाणूबाधित एक रुग्ण हुडकून काढायला सुमारे ८५ डॉलर, एक रुग्ण बरा करायला सुमारे १३१ डॉलर, असा खर्च प्रसिद्ध झाला आहे. हुडकणे हे काही फुकटचे काम नाही, हे या दोन आकड्यांवरून ध्यानात यावे. तरीही अहवाल लिहिला गेला तोवर त्या २२ लाखांतले सगळेच दुसऱ्या चाचणीपर्यंत पोहोचलेले नव्हते. इतक्या नेटक्या मोहिमेतही खिंड पुरती बुजली नाही.

आपल्याकडे पंजाबने २०१६ च्या जूनमध्ये राज्याच्या पैशातून हिपॅटायटिस सी चा मोफत उपचार सुरू केला. वाट चांगली होती: मोठ्या शहरातील यकृततज्ज्ञाची वाट न पाहता जिल्हा रुग्णालयातील डॉक्टरांना प्रशिक्षण दिले, सिऱ्होसिसचा अंदाज साध्या रक्तचाचण्यांवरून बांधला. पहिल्या ४८ हजारांहून अधिक रुग्णांत दहांपैकी नऊ जण बरे झाले. पण औषध मोफत असताना विषाणू मोजण्याच्या चाचणीसाठी रुग्णाला सुरुवातीला सवलतीच्या दराने का होईना, पैसे मोजावे लागत. दार उघडे आणि उंबरठा उंच, असा हा प्रकार.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात दोन्ही चाचण्या आणि औषध मोफत ठेवले आहे, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. आता आमच्या कुरकुरी. पहिल्या चाचणीसाठी घेतलेल्या रक्तावरच दुसरी चाचणी करून टाकली तर रुग्णाला पुन्हा बोलवावेच लागत नाही. थेंबभराऐवजी नळीभर रक्त घेणे, ते थंड पेटीतून वेळेवर पोहोचवणे, यासाठी पैसा हवा. क्षयरोगासाठी घेतलेली जीनएक्स्पर्ट यंत्रे, किंवा गोव्यातील कंपनीने बनवलेले ट्रूनॅट, ही चाचणीही करू शकतात; यंत्र आहे, पण त्या रोगाची कुपी नाही, असे होता कामा नये. आणि रुग्णाला दूरध्वनी करणारा, सोबत जाणारा, रजेच्या अर्जावर काय लिहायचे ते सांगणारा माणूस पगारावर हवा. यंत्राचे उद्घाटन होते, त्या माणसाचे होत नाही.

हिपॅटायटिस बी चा प्रश्न याहून अवघड आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख रुग्ण होते. सी चा रुग्ण बहुधा १२ आठवड्यांत सुटतो. बी चा सुटत नाही. प्रत्येकाला लगेच औषध लागते असेही नाही. पण ठरावीक मुदतीने यकृताची तपासणी वर्षानुवर्षे व्हावी लागते, आणि औषध सुरू झाले तर ते बहुधा दीर्घकाळ. वर्षाच्या तरतुदीवर आणि एका पंधरवड्याच्या मोहिमेवर हे काम कसे चालणार? इजिप्तचा कित्ता येथे गिरवता येत नाही. नवजात बालकाला जन्मापासून २४ तासांत लस देणे हा येथे सर्वांत स्वस्त खर्च, आणि आई बाधित असेल तर तो चुकवणे सर्वांत महाग.

तेव्हा शाळेत शिबिर घेण्याची विचारणा आली तर मुख्याध्यापकांनी आयोजकांना तीन प्रश्न विचारावेत असे आम्हास वाटते. दुसरी चाचणी कोठे आणि किती दिवसांत? दोषी आलेल्याला निकाल कोण सांगणार, आणि एकांतात सांगणार ना? सहा महिन्यांनी त्याची चौकशी कोण करणार? उत्तरे मिळाली नाहीत तर शिबिर पुढे ढकलावे. त्यात कोणाचे नुकसान नाही.

त्या शिक्षकांचे सांगायचे राहिले. त्यांचा एक माजी विद्यार्थी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ झाला होता. सहज बोलण्यातून त्याला हे कळले आणि तो त्यांना स्वतः स्कूटरवर बसवून जिल्ह्याच्या रुग्णालयात घेऊन गेला. आर.एन.ए. चाचणीत विषाणू आढळला नाही. अहवाल हाती आल्यावर त्या संध्याकाळी त्यांनी पत्नीला सारे सांगितले.