घरोघरीचा ‘जर’ : नव्या वाचकासाठी विज्ञानकादंबऱ्या

गेल्या दिवाळीत माझी भाची भालकीला आली होती. नववीत, कन्नड माध्यमात शिकते. फराळ चालू असताना तिने विचारले, “मामा, मराठीत सगळं संतांचं आणि शिवाजी महाराजांचंच असतं का? ग्रहताऱ्यांचं काही नाही?” मी चकलीचा तुकडा हातात धरून गप्प बसलो. आपल्या मुलांना मराठी भेटते ती स्वयंपाकघरात, लग्नकार्यात आणि हरिपाठात; उद्याच्या जगाबद्दल ती मराठीत कधी बोलतच नाहीत. तिला द्यायची म्हणून जी पुस्तके मी त्या आठवड्यात पुन्हा वाचून काढली, त्यांच्याविषयी हे टिपण.

आरंभ मात्र कादंबरीने न करता जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने करावा. विश्वासरावांना चाटून जाणारी गोळी, मराठ्यांनी जिंकलेले पानिपत आणि त्या दुसऱ्याच इतिहासात जाऊन पडलेले आपले इतिहासाचे प्राध्यापक. आम्हा सीमेवरच्यांना ही कथा परकी वाटतच नाही. पानिपताआधीची उदगीरची लढाई, 1760 च्या आरंभीची, आमच्या उंबरठ्यावरच झाली. आणि 1 नोव्हेंबर 1956 ला बीदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले आणि भालकी-हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले, तेव्हापासून इथल्या घरोघरी एक ‘जर’ नांदतो आहे. जर रेघ चार कोस इकडे ओढली असती तर? आपला ‘जर’ बहुधा उसाशात संपतो. नारळीकर त्याच ‘जर’ला गणित विचारतात, नियम लावतात, आणि पंतांना एक फाटलेले पान पुराव्यादाखल घेऊन परत आणतात. विज्ञानकथा म्हणजे काय, हे पोरांना याहून सोपे करून सांगता येणार नाही.

मग ‘वामन परत न आला’. जमिनीच्या पोटात सापडलेला एका लुप्त संस्कृतीचा ठेवा, त्यातल्या माहितीवरून घडवलेला यंत्रमानव, आणि आपल्यासारखे आणखी घडवण्याची त्याची आस. बलिप्रतिपदेला बळीची पूजा करणाऱ्या घराला हे नाव पुरेसे बोलके आहे: पहिले पाऊल ठेवायला दिलेली जागा कधीच लहान नसते. कादंबरीचे दोषही सांगितले पाहिजेत. माणसे पातळ आहेत, शास्त्रज्ञ एकमेकांशी बोलतात तेव्हा पुष्कळदा वर्गात शिकवल्यासारखे बोलतात, आणि हेरगिरीचा भाग सिनेमातून आल्यासारखा वाटतो. तरी यंत्रे आपणहून लिहू-बोलू लागली आहेत अशा आजच्या दिवसांत तिच्यातली भीती लेखनकाळापेक्षा जास्त खरी झाली आहे. कल्पना पुढे आणि माणसे मागे, हे नारळीकरांचे जुनेच लक्षण. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने, स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. नावाच्या दबदब्याशिवाय गोष्ट उभी राहते का, हे त्यांना पाहायचे होते. 20 मे 2025 रोजी ते गेले. ‘प्रेषित’ आणि ‘व्हायरस’ नंतर वाचाव्यात, घाई नाही. धाकट्या मुलांना मात्र भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न द्यावा. ‘चंद्रावर स्वारी’ची भाषा आजही टवटवीत आहे.

आता जी कादंबरी मी या सगळ्यांच्या वर ठेवतो ती मराठी नाही, आणि काटेकोर अर्थाने विज्ञानकादंबरीही नाही. पूर्णचंद्र तेजस्वींची ‘कर्वालो’, 1980 ची. मलनाडातला एक शास्त्रज्ञ उडत्या सरड्याचा माग काढतो, आणि गावाने कुचकामी ठरवलेला मंदण्णा त्याला लाखमोलाचा वाटतो, कारण त्याचे डोळे उघडे आहेत. नारळीकरांत न भेटणारी जिवंत माणसे इथे पानोपानी भेटतात. सरडा सापडतो का, ते मी सांगणार नाही. पुण्याच्या वाचकाला ही मूळ भाषेत वाचता येत नाही. आपल्या मुलांना येते. सीमेवर राहण्याचे इतके तरी व्याज वसूल करावे! घरात कन्नड पुस्तक आले म्हणून मराठी बाटते, असे मानणारे थोर लोक आमच्यातही आहेत. असो.

भाचीला मी ‘वामन’ दिले होते. शास्त्रीय शब्दांना ती अडखळेल अशी माझी भीती. पाडव्याला तिच्या घरी गेलो तेव्हा पुस्तक उघडून पाहिले. ‘गुरुत्वाकर्षण’ खाली रेघ नव्हती. कन्नडातही तो जवळपास तोच शब्द. पेन्सिलीच्या खुणा होत्या त्या ‘सुगावा’, ‘चाचपणे’ अशा घरगुती शब्दांखाली, आणि समासात कन्नड लिपीत त्यांचे अर्थ. दोन अर्थ चुकले होते. आम्ही ओसरीवर बसून ते दुरुस्त केले, आणि पुस्तक मी तिथेच ठेवून आलो.