‘ज्ञ’ची रिलीज नोट

दोन वर्षांच्या खंडानंतर जून २०२२मध्ये पालखी पुन्हा पायी निघाली. पुणं सोडल्यावर तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आमच्या लोणी काळभोरला असतो. आमच्या आळीतली मंडळी त्या दिवशी वारकऱ्यांच्या चहा-नाश्त्याचं बघतात. त्या वर्षी स्वयंसेवकांना ओळखपत्रं द्यायचं ठरलं आणि ‘कॉम्प्युटरचं काम’ म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मी हडपसरला एका कंपनीत वेबसाइट बनवायचं काम करतो. साठ कार्डं म्हणजे एका संध्याकाळचा खेळ. डाव्या कोपऱ्यात रंगीत गोल आणि गोलात नावाचं पहिलं अक्षर, फोनच्या कॉन्टॅक्ट्समध्ये दिसतं तसं. प्रिंट काढल्या, लॅमिनेशन केलं, नेऊन दिली.

नावांची वही सांभाळणारे काका एक कार्ड उलटंसुलटं करून बघत राहिले.

“हा ‘ज’ कोण रे?”

“ज्ञानेश्वर, काका.”

“मग ‘ज्ञ’ टाक ना. ‘ज’ कशाला? पहिलीच्या पोराला कळतं हे.”

मी म्हणालो, “काका, सॉफ्टवेअरच तसं आहे.” ते काही बोलले नाहीत. खिशातून मार्कर काढला आणि लॅमिनेशनवरच ‘ज’च्या जागी ‘ज्ञ’ केला. मग ‘क्ष’ची दोन कार्डं शोधून तीही दुरुस्त केली.

माझं ते वाक्य खरं होतं का, एवढंच मला या लेखात तपासायचं आहे.

गोलात ‘ज’ कुठून आला?

आपल्याला ‘ज्ञ’ हे एक अक्षर दिसतं. कॉम्प्युटरसाठी ती तीन चिन्हं आहेत: ज, हलन्त आणि ञ. ‘श्री’ चार चिन्हांचा. ‘ज्ञानेश्वर’ आपण चार अक्षरांत म्हणतो, ज्ञा-ने-श्व-र, पण साठवताना त्याची दहा चिन्हं होतात. जावास्क्रिप्टला ‘पहिलं दे’ म्हटलं की ती पहिलं चिन्ह देते. म्हणून ‘ज’.

ही रचना कुणी परक्याने आपल्यावर लादलेली नाही. यूनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८च्या इस्की या भारतीय संकेतावरून घेतलेली आहे, आणि भारतीय लिप्यांवरचं बरंचसं सरकारी काम आमच्या पुण्यातल्या सी-डॅकमध्ये झालेलं आहे. मूळ व्यंजनं आणि हलन्त तेवढे साठवायचे, जोडाक्षर पडद्यावर जुळवायचं, असा तो विचार. शेकडो जोडाक्षरांना वेगवेगळे क्रमांक देण्यापेक्षा तो कितीतरी शहाणपणाचा आहे. अडचण साठवण्यात नाही. वाचणाऱ्याच्या लेखी अक्षर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे सॉफ्टवेअरला कोण सांगणार, ही अडचण आहे.

त्याचे परिणाम गोलातल्या अक्षरावर थांबत नाहीत. ‘नाव दहा अक्षरांत लिहा’ म्हणणारा फॉर्म ज्ञानेश्वरला जेमतेम आत घेतो आणि ज्ञानेश्वरीला बाहेर ठेवतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७० चिन्हं, तीही काना-मात्रा-वेलांट्या धरून.

एका नियमाचं परीक्षण

सप्टेंबर २०२३मध्ये यूनिकोडची १५.१ ही आवृत्ती आली. तेव्हा मी वाचलेल्या बातम्यांमध्ये फिनिक्स पक्षी, हिरवं लिंबू आणि तुटलेली साखळी या नव्या इमोजींची चर्चा होती. आवृत्तीत भर पडलेली ६२७ चिन्हं जवळजवळ सगळी चिनी लिपीची. आपल्यासाठी त्यात एकही नवं चिन्ह नव्हतं. पण अक्षरं कुठे तोडायची हे सांगणाऱ्या नियमावलीत एक नवा नियम आला होता. त्याचं नाव जीबी९सी. मराठीत सांगायचं तर: व्यंजन, हलन्त, व्यंजन अशी साखळी असेल तर मध्ये तोडू नका. देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या सहा लिप्यांना तो लागू झाला.

म्हणजे काकांनी मार्करने केलेली दुरुस्ती सव्वा वर्षाने जागतिक प्रमाणकात आली.

मला हा नियम आवडतो. तो छोटा आहे आणि त्याला जोडाक्षरांची यादी पाठ करावी लागत नाही. उद्या एखादं अनोळखी आडनाव आलं तरी तो चालतो. काकांचं म्हणणं ऐकल्यावर मी रात्री जी दुरुस्ती केली होती ती याच्या उलट होती: ‘क्ष’ने सुरू होत असेल तर हे कर, ‘ज्ञ’ने सुरू होत असेल तर ते कर, ‘श्र’ असेल तर आणखी काही. सतरा ओळी, आणि तरीही ‘त्र्यंबक’ निसटलाच.

पण दोष आहेत. पहिला: नियम लिहिलेलं बघतो, दिसलेलं नाही. ‘वाङ्मय’ घ्या. बऱ्याच फॉन्टांमध्ये ‘ङ’चा पाय मोडलेला आणि ‘म’ वेगळा असाच तो दिसतो. डोळ्यांना दोन अक्षरं, नियमाला एक. दुसरा: अक्षर निवडताना ‘ज्ञा’ एकसंध हवा, पण टायपिंग चुकल्यावर खोडताना फक्त शेवटचा काना जायला हवा. नियमावली स्वतःच सांगते की बॅकस्पेसचा हिशोब वेगळा असू शकतो. ते न वाचता नियम सगळीकडे लावणारा प्रोग्रॅमर नवीच चूक करेल.

तिसरा दोष नियमाचा नाही, आमच्या धंद्याचा आहे. ब्राउझरमध्ये हे काम करणाऱ्या सोयीचं नाव इंटल-सेगमेंटर. क्रोममध्ये ती २०२०पासून आहे, सफारीत २०२१पासून, आणि एप्रिल २०२४मध्ये फायरफॉक्स १२५ आल्यावर ती सगळ्या मोठ्या ब्राउझरांत पोचली. मग तिला ‘बेसलाइन’चा शिक्का मिळाला. वेबवरची कुठली सोय आता बिनधास्त वापरावी, हे सांगणारा हा शिक्का २०२३पासून सुरू झाला. चांगली कल्पना आहे. रोज कामात वापरतो.

मात्र शिक्का सांगतो की सोय आहे. आतली नियमावली किती जुनी आहे ते तो सांगत नाही. माझ्या लॅपटॉपवर ‘ज्ञानेश्वर’चा पहिला तुकडा ‘ज्ञा’ येतो. घरातल्या एका जुन्या फोनवर तोच कोड ‘ज्’ देतो, पाय मोडलेला. ‘ज’ तरी बरा होता. अँड्रॉइड ५चे फोन क्रोम ९५वर थांबले, आणि तसे फोन आमच्या आळीत अजून वापरात आहेत. इंग्रजी नावावर तपासणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही. त्याच्याकडे सगळं हिरवं आहे.

इथपर्यंत माझं वाक्य निम्मं खरं ठरतं. सॉफ्टवेअर खरंच तसं होतं.

उरलेलं निम्मं

ओळखपत्रांबरोबर मी नावांची यादीही छापली होती. तिच्यातही चूक होती, पण काकांनी ती बोलून दाखवली नाही. त्यांच्या वहीत ‘ह’ची पानं संपली की ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ येतात, शाळेतल्या तक्त्याच्या शेवटच्या रांगेसारखे. माझ्या यादीत क्षितिज ‘क’मध्ये आणि ज्ञानेश्वर ‘ज’मध्ये गेला होता. आपला माणूस शोधायला लोकांना दोनदा यादी चाळावी लागली.

याला मात्र कुठल्याच नव्या आवृत्तीची गरज नव्हती. भाषेप्रमाणे क्रम लावायची सोय जावास्क्रिप्टच्या प्रमाणकात २०१२पासून आहे. तिला ‘ही यादी मराठी आहे’ एवढं सांगावं लागतं. तसं सांगितलं की ती ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांना ‘ह’नंतर नेऊन बसवते. ते मराठीपण कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं आहे. सर्व्हरवर चालणाऱ्या नोडमध्ये पूर्वी मूळ डाउनलोडबरोबर फक्त इंग्रजीची माहिती यायची. ऑक्टोबर २०१९च्या तेराव्या आवृत्तीपासून सगळ्या भाषांची येते. म्हणजे २०२२च्या जूनमध्ये ती माझ्याच लॅपटॉपवर पडून होती. मी ‘मराठी’ म्हणालोच नव्हतो.

हे न म्हणणं आमच्या कामात मुरलेलं आहे. नवा प्रोजेक्ट सुरू करताना आम्ही तयार साचा घेतो. क्रिएट-रिॲक्ट-ॲप घ्या किंवा वीट, पानाच्या दुसऱ्या ओळीत भाषा ‘ईएन’ लिहून येते. आत अख्खी मराठी कादंबरी टाकली तरी पान स्वतःला इंग्रजी म्हणवतं. फेब्रुवारी २०२५मध्ये क्रिएट-रिॲक्ट-ॲप निवृत्त झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा आमच्या ऑफिसात दोन दिवस त्यावरच गप्पा. आता काय वापरायचं, कशाचा वेग जास्त. दुसऱ्या ओळीतल्या ‘ईएन’वर कुणी बोललं नाही. मीही नाही.

त्या दोन अक्षरांनी काय बिघडतं? नोव्हेंबर २०२२मध्ये महाराष्ट्र शासनाने वर्णमालेचा निर्णय काढला. मराठीत देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ वापरावा, शेंडीफोड्या ‘श’ आणि दंडयुक्त ‘ल’ नको. छापखान्यात हा फॉन्ट निवडण्याचा प्रश्न असेल. वेबवर काही चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, आणि पानाची भाषा ‘एमआर’ लिहिली असेल तर ब्राउझर मराठी वळण उचलतो. म्हणजे शासन निर्णयाची अंमलबजावणी दोन इंग्रजी अक्षरांवर अडलेली असू शकते. पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही ‘ईएन’ बघून चुकीचा आवाज निवडू शकतं, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्या वाचकाला मराठी पान ऐकवताना गोंधळ घालतं.

वेब तंत्रज्ञानाच्या मराठी बातम्यांबद्दल म्हणूनच माझी तक्रार आहे, आणि मी त्या शेअर करणाऱ्यांपैकी आहे. ‘अमुक आवृत्ती आली, तमुक फीचर मिळालं’ हे आपण इंग्रजीतून लगेच उचलतो. ज्या परीक्षणाला आपल्याशिवाय दुसरं कुणी बसणार नाही, ते राहून जातं: ही आवृत्ती ‘ज्ञ’वर चालवून बघितली का? अक्षरांमध्ये अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते का? ‘ऱ्या’ नीट येतो का? इंग्रजी लेखक हे तपासणार नाही, त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. मुंबईच्या एक टाइपने ‘मुक्त’सारखा फॉन्ट सगळ्यांना फुकट वापरायला दिला. फॉन्ट करणाऱ्यांनी आपलं काम केलं. पान बनवणारे आम्ही मागे राहिलो.

आता मी प्रत्येक नवी गोष्ट सहा नावांवर तपासतो: ज्ञानेश्वर, क्षितिज, त्र्यंबक, श्रीकृष्ण, ऱ्हस्व, वाङ्मय. शेवटची दोन नावं नाहीत हे मला माहीत आहे, पण ती सगळ्यात जास्त चुका पकडतात.

मागच्या वर्षी पालखीच्या आधी मी काकांना नवी यादी नेऊन दिली. क्ष आणि ज्ञ शेवटी, गोलांमध्ये अख्खी अक्षरं. त्यांनी शेवटचं पान आधी उघडलं, बोट फिरवलं, मान डोलावली. मग म्हणाले, “सॉफ्टवेअर बदललं वाटतं?”

“थोडं सॉफ्टवेअर बदललं, काका,” मी म्हणालो. “थोडी माझी चूक होती.”

त्यांनी यादी वहीत घडी घालून ठेवली. मार्कर मात्र खिशात होताच.