‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : चौकशीच्या रूपाचा विचार

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यावरील बहुतेक विवेचन लीला बेणारे ही व्यक्तिरेखा आणि समाजाचे क्रौर्य यांभोवती फिरते. ते चूक नव्हे. परंतु बेणारे ही नोकरी करणारी शिक्षिका आहे आणि अभिरूप न्यायालयामागे तिच्या शाळेच्या चालकांचा खराखुरा निर्णय उभा आहे, हे त्यात मागे पडते. नोकरदार स्त्रीला पोहोचलेल्या अपायाची दखल संस्था कशी घेते, या दृष्टीने हे नाटक वाचणे अगत्याचे आहे.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. दामल्यांशी आलेला संबंध बेणारेने त्यांच्या बुद्धिमत्तेवरील भक्तीतून, आपखुशीने स्वीकारलेला आहे. आजच्या कायद्याच्या अर्थाने तो लैंगिक छळ ठरणार नाही. (कोवळ्या वयात मामाने घेतलेला गैरफायदा निराळा; आणि तोही तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून मांडला जातो!) साम्य आहे ते कार्यपद्धतीत. काशीकर न्यायाधीशाचे आसन सोडून साक्ष देतात आणि पुन्हा त्याच आसनावर विराजमान होतात. सुखात्मे फिर्यादीचे वकील, आणि बचावाचेही तेच. सामंतांची साक्ष तर एका कादंबरीतून उचललेली. बेणारेला नोकरीवरून काढण्याचे ठरले आहे, ही वार्ता खुद्द काशीकरच सांगतात. म्हणजे निकाल अगोदर आणि सुनावणी नंतर. दामले गैरहजर आहेत, आणि गैरहजेरी त्यांना बाधत नाही.

१९९७ च्या विशाखा निर्णयाने आणि त्यानंतर २०१३ च्या कायद्याने नेमक्या याच जागा बांधून काढण्याचा यत्न केला. समितीच्या अध्यक्षस्थानी स्त्री, सभासदांत निदान निम्म्या स्त्रिया, एक सभासद संस्थेबाहेरचा, चौकशीला ९० दिवसांची मुदत आणि गुप्ततेचे बंधन, या तरतुदी कोरड्या वाटतात. नाटक वाचल्यावर त्यांतील प्रत्येकीचे कारण डोळ्यांसमोर उभे राहते. विद्यापीठांसाठी अनुदान आयोगाचे २०१५ चे स्वतंत्र विनियम आहेत. ते आपल्यापैकी कितीजणांनी वाचले आहेत, हा प्रश्न येथे केवळ विचारून ठेवतो. मात्र ही यंत्रणा हलते ती लेखी तक्रारीने, आणि तीही सामान्यतः तीन महिन्यांच्या आत केलेल्या. बेणारे तक्रार करीतच नाही. जिचा निकाल परस्पर लागला आहे, तिने ती कोणापुढे करावी?

या दृष्टीने अखेरच्या स्वगताचा अर्थही बदलतो. ते भावविवश आहे, हा आक्षेप प्रस्तुत लेखकास अस्थानी वाटतो. बोलण्यासाठी तिला दहा सेकंद मिळतात. ती बोलते तेव्हा सारे थिजलेले असतात, आणि न्यायालयाच्या लेखी ती गप्पच राहिलेली असते. सुलभा देशपांडे यांच्या अभिनयाने हे स्वगत इतके गाजले, की तिचे म्हणणे कोणीतरी ऐकून घेतले असा प्रेक्षकांचा समज व्हावा. संहितेत तसे घडत नाही.

खरा आक्षेप घ्यावयाचा तो दुसराच. बेणारेचे खाजगी आयुष्य तेंडुलकर टप्प्याटप्प्याने उघड करतात आणि उत्कंठा वाढवीत नेतात. तिने विश्वासाने केलेले बोलणे पोंक्षे चव्हाट्यावर मांडतो, तेव्हा त्या मंडळींचे कुतूहल आणि आपले कुतूहल यांत फारसा भेद उरत नाही. प्रेक्षकाला असे सहभागी करून घेणे नाटककाराच्या मनात असावे, असे पहिल्या अंकातील खेळकरपणावरून म्हणता येते. परंतु तिसऱ्या अंकात रहस्योद्घाटनाचे तंत्र या हेतूवर मात करते, आणि एकामागून एक येणाऱ्या साक्षींत आपण पुढच्या गौप्यस्फोटाची वाट पाहू लागतो.