पीजचे दूरचित्रवाणी केंद्र : एक वाङ्मयीन विचार

दूरचित्रवाणी-केंद्राचा विचार वाङ्मयीन पत्रिकेत कशासाठी, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तथापि बोली, नाट्य आणि प्रेक्षक यांचे नाते जेथे प्रत्यक्ष कसोटीस लागले, तेथे टीकाकाराने पाठ फिरविणे आम्हांस उचित वाटत नाही.

बडोद्याहून मही ओलांडली की चरोतर लागते. तेथील खेडा जिल्ह्यातील पीज या गावी १९७५ साली एक किलोवॅट शक्तीचे प्रक्षेपण-केंद्र उभे राहिले. त्याच वर्षी उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग सुरू झाला होता; एकनाथ वसंत चिटणीस हे त्याचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते. तो प्रयोग १९७६ मध्ये संपला; पीज मात्र चालू राहिले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्रातील मंडळी त्यासाठी कार्यक्रम रचीत, आणि गावोगावच्या सार्वजनिक संचांभोवती लोक जमत.

या कार्यक्रमांचा हेतू उघड प्रचाराचा होता, आणि प्रचार हा कलेचा वैरी असे आपण मानत आलो आहोत. परंतु येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. ‘चतुर मोटा’ या मालिकेने हुंडा व विधवाविवाह हे प्रश्न हाताळले, तर ‘हूं ने मारा ए’ या मालिकेने कुटुंबनियोजनाचा. संहिता रचण्यापूर्वी गावात जाऊन विचारपूस करणे आणि प्रक्षेपणानंतर प्रतिक्रिया जाणून घेणे, हा या केंद्राचा परिपाठ होता. भवाई, कठपुतळी ही लोकरूपे आणि चरोतरची बोली यांचा स्वीकार त्यातूनच झाला. म्हणजे बोली ही येथे प्रादेशिक रंग भरण्यापुरती अलंकार म्हणून आली नाही; समोरचा प्रेक्षक तीच बोलत होता. आमच्या ग्रामीण वाङ्मयातील पुष्कळशी बोली शहरी वाचकासाठी लिहिलेली असते, हे स्मरले म्हणजे या भेदाचे मोल कळते.

१९८४ मध्ये ग्रामीण संपर्काच्या या कार्यास युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी, अहमदाबादेस अधिक शक्तीचे केंद्र झाल्याने, पीजचे प्रक्षेपण थांबविण्यात आले. ग्रामस्थांनी निषेध केला. तो व्यर्थ गेला. मोठ्या केंद्राचा आवाज दूरवर पोहोचत होता, पण तो विशिष्ट अशा कोणासाठी उरला नव्हता.

येथेच आमचा मुख्य आक्षेप आहे, आणि तो पीजवरही आहे. विषय गावाचा, भाषा गावाची, पात्रेही गावाची. सत्ता मात्र गावाची कधीच नव्हती. या संदर्भात बडोदे संस्थानाचे उदाहरण बोलके आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० च्या सुमारास आरंभिलेल्या ग्रंथालय-योजनेत गावाने आपली वर्गणी जमविली, की तितकीच रक्कम पंचायत व सरकार देत असे. ग्रंथांची निवड कशीही असो, ग्रंथालयात गावाचा हिस्सा असे.

लोकांच्या भाषेत बोलणे आणि लोकांच्या हाती भाषा देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली पीजने उत्तम साधली, म्हणून तिचा गौरव केलाच पाहिजे. दुसरी साधली नाही, म्हणून एका आदेशाने केंद्र मिटले. गुजरातेत राहून मराठी जपू पाहणाऱ्या आम्हां बडोदेकरांस हा फरक विशेष जाणवावा. कारण आमच्या संस्था आजवर टिकल्या त्या पुष्कळ अंशी वर्गणीदारांच्या बळावर.